दार उघडण्याआधी

२७ सप्टेंबर २००८ची दुपार. पृथ्वीपासून सुमारे ३४० किलोमीटर उंचीवर, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या एका लहानशा खोलीत झाई झिगांग दार ओढत होते आणि दार उघडत नव्हतं. अंगावर जवळपास १२० किलोचा पोशाख, हातांत हवेने ताठ झालेले जाड हातमोजे, पाय टेकायला जमीन नाही. एकदा ओढलं, पुन्हा ओढलं, दार जागचं हललं नाही. खाली चीनमध्ये लोक टीव्हीसमोर बसून हे सगळं थेट पाहत होते.

दाराच्या पलीकडे झाईंना जेमतेम वीस मिनिटं काढायची होती. चीनचा तो पहिला स्पेसवॉक. सोव्हिएत संघ आणि अमेरिका यांच्यानंतर स्वतःच्या यानातून, स्वतःच्या तयारीवर माणसाला उघड्या अवकाशात नेणारा हा तिसरा देश. बातम्यांमध्ये राहिलं ते झेंडा हलवणाऱ्या अंतराळवीराचं चित्र. मला मात्र या मोहिमेतला सगळ्यात बोलका क्षण त्या अडलेल्या दाराचा वाटतो. स्पेसवॉक हा शब्दच थोडा फसवा आहे. तिथे चालणं नसतंच. चिनी भाषेत त्याला जे तांत्रिक नाव आहे, त्याचा अर्थ ‘खोलीबाहेरचं काम’ असा होतो, आणि ते नाव जास्त खरं आहे. तयारी करणाऱ्यांची झोप उडवतात त्या गोष्टी अगदी घरगुती असतात: दार, हातमोजे आणि श्वास.

दार का अडलं, हे समजून घ्यायला आपल्या ओट्यापर्यंत गेलं तरी पुरे. काही कुकरचं झाकण आतून बसतं. त्यात थोडी जरी वाफ उरली असली तरी ते निघत नाही. आपण वर ओढतो आणि आतली वाफ त्याला कडेवर घट्ट दाबून धरते. शिट्टी उचलून वाफ पूर्ण जाऊ दिली, की तेच झाकण एका बोटाने खाली सरकतं. झाईंच्या शेनझोऊ-७ यानाचं दारही असंच आत उघडणारं. उड्डाणभर आतली हवा त्याला चौकटीवर दाबून ठेवते, त्यामुळे ते चुकूनही उघडत नाही. बाहेर जायच्या वेळी मात्र हीच सोय आडवी येते. दाराचा व्यास ८५ सेंटिमीटर. खोलीतली हवा बाहेर सोडून दिली आणि नेहमीच्या दाबाचा फक्त शंभरावा हिस्सा मागे राहिला, तरी एवढ्या दारावर ५८ किलोंच्या आसपास भार पडतो. जमिनीवर पाय रोवून तो ओढता येईल. जिथे आपण दार ओढायला गेलो की दाराऐवजी आपणच दाराकडे ओढले जातो, तिथे तो भार फार मोठा असतो. आणि शेवटची ती चिमूटभर हवा जाता जात नाही. हवा जितकी विरळ, तितकं तिचं बाहेर पडणं मंद.

दाराचं हे दुखणं जुनंच. १८ मार्च १९६५ला सोव्हिएत संघाचे अलेक्सी लिओनोव व्होस्खोद-२ यानातून बाहेर पडले आणि असं करणारे पहिले मानव ठरले. त्या यानाला बाहेरच्या अंगाने एक कापडी नळकांडं जोडलेलं होतं. कक्षेत गेल्यावर त्यात हवा भरून ते फुगवायचं, त्यातून बाहेर पडायचं आणि काम झालं की त्यातूनच आत यायचं. लिओनोव सुमारे बारा मिनिटं बाहेर होते. तेवढ्यात पोशाख इतका फुगून ताठ झाला की बोटं मोज्यांच्या टोकांपासून मागे सरकली आणि त्या नळकांड्यात परत शिरणं अशक्य झालं. शेवटी त्यांनी स्वतःच्या पोशाखातली हवा सोडून दाब उतरवला आणि अंग आत ओढलं. त्याच वर्षी ३ जूनला जेमिनी-४ यानातून अमेरिकेचे एड व्हाइट बाहेर गेले. त्यांचं दार आधी उघडेना आणि काम संपल्यावर लागेना.

चीनने माणसाला अवकाशात पाठवण्याचा कार्यक्रम मंजूर केला तो सप्टेंबर १९९२मध्ये. त्यानंतर ११ वर्षांनी, १५ ऑक्टोबर २००३ला, यांग लिवेई शेनझोऊ-५ यानातून एकटे गेले आणि २१ तासांत परत आले. २००५मध्ये फेई जुनलोंग आणि निए हायशेंग पाच दिवस राहून आले. माणूस वर जातो, राहतो आणि सुखरूप परततो, एवढं सिद्ध झालं. पण हे सगळं खोलीच्या आतलं. पुढे अवकाशस्थानक उभारायचं तर बाहेर जाऊन हात चालवता यायला हवेत. एखादा तुकडा सुटला, केबल अडकली किंवा सौरपंखात बिघाड झाला, तर ते दुरुस्त करायला कोणीतरी उंबरठ्याबाहेर पाऊल टाकलं पाहिजे. शेनझोऊ-७ त्या उंबरठ्यासाठी होतं.

सुरुवात करावी लागली घरापासून. शेनझोऊ यानाचे तीन भाग असतात: मागे इंजिनांचा भाग, मध्ये माणसं ज्यात बसून परत येतात ती कुपी, आणि पुढे ऑर्बिटल मॉड्यूल म्हणजे कामाची आणि राहण्याची खोली. आधीच्या मोहिमांत ही पुढची खोली कुपी परतल्यानंतरही कक्षेत फिरत राहायची आणि प्रयोग करायची, म्हणून तिला स्वतःचे सौरपंख असत. शेनझोऊ-७मध्ये ते पंख काढून टाकले आणि खोलीची केली देवडी. जुन्या वाड्यांत मोठा दरवाजा आणि आतला चौक यांच्या मध्ये देवडी असायची. बाहेरचा माणूस थेट घरात शिरायचा नाही आणि घर एकदम उघड्यावर पडायचं नाही. अवकाशातल्या या देवडीला एअरलॉक म्हणतात. माणसं तिच्यात शिरतात, कुपीकडचं दार मागे लावून घेतात, देवडीतली हवा सोडून देतात आणि मग बाहेरचं दार उघडतात. परतल्यावर हेच सगळं उलट्या क्रमाने. देवडी पुन्हा भरायला हवा लागते, म्हणून यानाच्या बाहेरच्या अंगाला वायूच्या टाक्या बसवल्या. ऐकायला सोपं. पण यातलं एक जरी दार पूर्ण मिटलं नाही, तर कुपीत बसलेला तिसरा माणूसही धोक्यात.

पोशाखाचा प्रश्न याहून मोठा होता. असा पोशाख फक्त दोन देश बनवत होते. चीनने दोन्ही वाटा धरल्या: रशियाकडून ऑर्लान पोशाख घेतले आणि त्याच वेळी स्वतःचा बनवायला घेतला. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. विकतच्या पोशाखामुळे सरावाचं काम थांबलं नाही, आणि घरच्या पोशाखाला तुलनेसाठी एक कसलेला सोबती मिळाला. चार-एक वर्षांत घरचा पोशाख तयार झाला. मोहिमेत झाईंच्या अंगावर चिनी पोशाख होता आणि त्यांचे साथीदार लिऊ बोमिंग यांच्या अंगावर रशियन.

चिनी पोशाखाचं नाव फेईतियान. हे नाव आलं दुनहुआंगजवळच्या मोगाओ लेण्यांतून. तिथल्या भिंतींवर आणि छतांवर आकाशात तरंगणाऱ्या, फिती उडवणाऱ्या अप्सरा रंगवल्या आहेत. त्यांना चिनी लोक फेईतियान म्हणतात. ही कल्पना बौद्ध धर्माबरोबर भारतातून रेशीममार्गाने तिकडे गेली. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातली अप्सरा ज्याने पाहिली असेल त्याला हे नाव परकं वाटणार नाही. तिच्या गळ्यातल्या माळा एका बाजूला झेपावलेल्या आहेत, आणि तेवढ्यावरूनच ती उडते आहे हे कळतं. तिला पंख नाहीत. त्या अनामिक चित्रकाराला वजन हरवणं कसं दाखवायचं हे नेमकं कळलेलं होतं, आणि दीड हजार वर्षांनी त्याच परंपरेतलं नाव एका अवकाशपोशाखाच्या बाहीवर गेलं, याचा मला मनापासून आनंद होतो.

हा पोशाख अंगात घालायचा नसतो, त्यात शिरायचं असतं. धड म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचं कवच. पाठीवरची पेटी दारासारखी उघडते, माणूस मागून आत सरकतो आणि ती पेटी पाठीमागे बंद होते. प्राणवायू, वीज आणि श्वासातला कार्बन डायॉक्साइड शोषणारं रसायन, सगळं त्या पेटीच्या पोटात. हात-पाय लवचीक, पण थरांवर थर चढवलेले: आत मऊ सुती कापड, मग रबराचा राखीव हवाबंद थर, मग मुख्य हवाबंद थर, त्यावर तो फुगून बेढब होऊ नये म्हणून धरून ठेवणारं कापड, त्यावर उष्णता परतवणारा थर आणि सगळ्यांत बाहेर चिवट आवरण. छातीवरच्या पट्ट्यावर बटणं आणि खटके असतात. शिरस्त्राण इतकं मोठं की मान खाली घालून स्वतःची छाती दिसत नाही, म्हणून मनगटावर आरसा. आरशात सरळ दिसावीत म्हणून छातीवरची अक्षरं उलटी छापलेली. हा तपशील मला फार आवडतो. कोणीतरी प्रत्यक्ष त्यात शिरून, वाचता येत नाही म्हणून वैतागून, हा उपाय काढला असणार.

बाहेर उन्हात वस्तू शंभर अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि सावलीत शून्याखाली शंभराच्या आसपास जाते. तरी पोशाखाची मोठी अडचण थंडीची नसते, उष्म्याची असते. काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून निघणारी उष्णता हवाबंद पिशवीत अडकून पडते. बाहेर वारा नाही, घाम वाळत नाही. म्हणून अंगालगतच्या कपड्यात बारीक नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांतून थंड पाणी फिरतं. ते पाणी थंड कसं ठेवायचं? थोडं पाणी निर्वातात सोडायचं. ते गोठतं, बर्फाची थेट वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. आपला माठ पाझरून पाणी गार करतो, जवळपास तसंच हे.

आणि हातमोजे. सगळी मेहनत शेवटी दहा बोटांपाशी येते, कारण बाहेर पाय निरुपयोगी असतात. पोशाखात साधारण ०.४ वातावरणाइतका दाब ठेवलेला असतो. सायकलच्या ट्यूबमध्ये अर्धी हवा भरून ती मुडपून पाहा; सोडली की ती पुन्हा सरळ होते. मोज्याचं प्रत्येक बोट ही अशीच एक छोटी ट्यूब. मूठ वळायची तर हवेशी झुंजायचं, वळलेली ठेवायची तर झुंजत राहायचं. तासभर असं केलं तर बोटांचे सांधे आणि मनगटं दुखून येतात, नखं दुखावतात. म्हणून बाकीचा पोशाख वेगवेगळ्या उंचीच्या माणसांना जुळवून घेता येतो, पण मोजे ज्याचे त्याच्या हाताच्या मापाचे करतात. अंतराळवीरांच्या व्यायामात पंजाच्या ताकदीवर जो भर असतो, तो याचमुळे.

मग दाब आणखी कमी का नाही ठेवायचा? कारण श्वास. आणि दाब जास्त ठेवला तर पोशाख लोखंडासारखा ताठ. ०.४ हा दोघांमधला समझोता आहे, आणि तो फुकट मिळत नाही. यानात आपल्यासारखीच हवा, आपल्याइतक्याच दाबाची. तिथून एकदम कमी दाबात गेलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सोड्याची बाटली उघडली की होतात तसे. खोल पाण्यातून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्यांना जो आजार होतो, तोच हा. म्हणून दाब टप्प्याटप्प्याने उतरवतात आणि त्याआधी सुमारे अर्धा तास पोशाखात नुसता प्राणवायू घेत बसतात, म्हणजे नायट्रोजन हळूहळू श्वासावाटे निघून जातो. बाहेर जायची घाई असलेल्या माणसाला हा अर्धा तास किती लांब वाटत असेल!

पोशाख तयार झाला तरी माणूस आत असताना तो निर्वातात टिकतो का, हे जमिनीवरच पाहावं लागतं. मोठ्या पोलादी कक्षातली हवा उपसून काढायची आणि आत पोशाखासह माणूस उभा करायचा. ही चाचणी का टाळता येत नाही आणि तिची भीती का वाटते, हे १९६६च्या एका अमेरिकी प्रसंगावरून कळतं. अशाच कक्षात जिम लेब्लँक नावाच्या तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली. काही सेकंदांत त्यांची शुद्ध गेली. जिभेवरची लाळ उकळल्यासारखी झाली, एवढंच त्यांना शेवटचं आठवत होतं. कक्षात झटपट हवा भरली आणि ते वाचले. निर्वातात पाणी शरीराच्या उबेनेच उकळतं, हे पुस्तकातलं वाक्य लेब्लँक यांनी जिभेवर अनुभवलं. चिनी अंतराळवीरांनीही उड्डाणापूर्वी अशा कमी दाबाच्या कक्षात, खरा पोशाख घालून सराव केला.

वजन नसताना काम कसं करायचं, हा सराव पाण्यात होतो. तो तिथे का पोचला त्याचीही एक कथा आहे. जून १९६६मध्ये जेमिनी-९ मोहिमेत जीन सर्नन दोन तासांहून जास्त वेळ बाहेर होते. धरायला नीट कड्या नव्हत्या, पाय अडकवायला जागा नव्हती. एक खटका फिरवायला गेले की स्वतःच उलटे फिरत. दमून घामाघूम झाले, शिरस्त्राणाची काच आतून वाफेने झाकली आणि समोरचं दिसेनासं झालं. काम अर्धवट सोडून ते कसेबसे परत आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बझ ऑल्ड्रिन जेमिनी-१२मधून गेले ते आधी पाण्याखाली सराव करून. तेव्हा त्यासाठी खास तलाव नव्हता. मेरीलँडमधल्या मॅकडोनो नावाच्या शाळेचा पोहण्याचा तलाव वापरला. ऑल्ड्रिन यांनी कड्या धरत, पाय अडकवत, मध्ये मध्ये विसावा घेत सगळी कामं पुरी केली. तेव्हापासून पाण्याला पर्याय सापडलेला नाही.

बीजिंगच्या प्रशिक्षण केंद्रात चीनने यासाठी २३ मीटर व्यासाची आणि १० मीटर खोलीची टाकी बांधली. तिच्यात यानाची प्रतिकृती बुडवायची, पोशाखातल्या माणसाला वजनं आणि तरंगते ठोकळे लावून असं तोलायचं की तो बुडतही नाही आणि वरही येत नाही. मग दार, कड्या, आकडे, दोर. एक आकडा अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हा नियम हातांच्या अंगवळणी पडेपर्यंत. पाण्यातून माणूस बाहेर यायचा तो थकून आणि निथळून.

तरी पाणी थोडं खोटंही शिकवतं. पाण्यात हात हलवला की पाणी अडवतं आणि हात थांबला की शरीरही थांबतं. अवकाशात अडवणारं कोणी नाही. एकदा वळलात की वळतच राहता, स्वतःला थांबवावं लागतं. शिवाय टाकीत पोशाख तरंगतो, आतला माणूस नाही. उलटं झालं की रक्त डोक्यात उतरतंच. म्हणून पाण्याच्या जोडीला दुसराही सराव होता: यानाच्या प्रतिकृतीत पोशाख दोरांनी वरून टांगून, म्हणजे त्याचा भार दोर घेतील, पाठीमागचं दार बंद करण्यापासून बाहेरचं दार उघडण्यापर्यंत प्रत्येक पायरी ओळीने पुन्हा पुन्हा करायची.

या मोहिमेचे तिघेही, झाई झिगांग, लिऊ बोमिंग आणि जिंग हायपेंग, १९६६चे जन्मलेले, लढाऊ वैमानिक, आणि १९९८मध्ये निवडलेल्या पहिल्या तुकडीतले. झाई चीनच्या ईशान्येकडच्या हेइलोंगजियांग प्रांतातल्या गरीब घरातले. त्यांच्या आईने भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया विकून मुलाच्या शिक्षणाचा खर्च भागवला. २००३मध्ये शेवटच्या तिघांत त्यांचं नाव होतं. गेले यांग लिवेई. २००५मध्ये ते राखीव जोडीत होते. गेले दुसरे दोघे. म्हणजे दहा वर्षं तयारी, आणि दोनदा दारापर्यंत जाऊन परत. तयारीचा हा भाग कुठल्याही तक्त्यात येत नाही. रोज तेच आकडे अडकवायचे आणि आपली पाळी येईल की नाही हे ठाऊक नसताना अडकवायचे, याला काय लागत असेल ते मी नुसतं मनाशी कल्पू शकतो.

आणखी एक तयारी मात्र आकाशातच चालू होती. पृथ्वीभोवती दीड तासात एक फेरी मारणारं यान कुठल्याही एका जमिनीवरच्या केंद्राला काही मिनिटंच दिसतं. चीनकडे देशातली केंद्रं होती, बाहेरची मोजकी केंद्रं होती आणि महासागरांत उभी राहणारी युआनवांग नावाची जहाजं होती. एवढं सगळं मिळूनही एका फेरीतला थोडाच वेळ यानाशी बोलता यायचं. बाकीच्या वेळी माणूस दाराबाहेर आणि खाली नुसती शांतता. २५ एप्रिल २००८ला तियानलियान-१ हा संदेश पुढे पोचवणारा उपग्रह सोडला. उंचावरून यानावर नजर ठेवणं आणि त्याचे संदेश जमिनीवर पोचवणं हे त्याचं काम. त्याने संपर्काचा वेळ कितीतरी वाढवला. तरीही दार कधी उघडायचं याची वेळ संपर्क कुठे सलग राहील ते पाहूनच बांधली होती. म्हणूनच त्या वीस मिनिटांना लांबण्याची मुभा नव्हती.

२५ सप्टेंबरच्या रात्री ९ वाजून १० मिनिटांनी जिउचुआन केंद्रावरून लाँग मार्च-२एफ रॉकेटवर यान निघालं. दार उघडायचं होतं त्यानंतर दोन दिवसांच्या आत. बहुतेक अंतराळवीरांना सुरुवातीच्या दिवसांत मळमळतं, डोकं जड होतं. पोशाखाच्या शिरस्त्राणात उलटी झाली तर ती जीवघेणी ठरू शकते. म्हणून अमेरिकी शटलवर तिसऱ्या दिवसाच्या आत स्पेसवॉक ठेवायचं टाळत. चिनी वेळापत्रक त्या मानाने आवळलेलं होतं. आणि मधल्या वेळात विश्रांती नव्हतीच. पोशाख सुटे करून, पिशव्यांत बांधून वर आणले होते. झाई आणि लिऊ यांनी ते कित्येक तास खपून जोडले: बाह्या, पाय, टाक्या, बॅटऱ्या. जमिनीवर हे काम कंटाळवाणं असतं. वर मात्र सोडलेली प्रत्येक वस्तू हवेत चालू लागते.

आता पुन्हा त्या दारापाशी. दोनदा ओढून झाल्यावर झाईंनी फटीत एक साधन घातलं. फार हुशार यंत्र नव्हे. पहार म्हणावी असाच दांडा. तिसऱ्या खेपेला कड उचलली गेली, उरलीसुरली हवा निसटली आणि दार आत आलं. आपल्या कुकरला फट पडते तसंच.

तेवढ्यात यानातून इशारा येऊ लागला: ऑर्बिटल मॉड्यूलमध्ये आग. पुन्हा पुन्हा तोच इशारा. त्या क्षणी त्यांच्या मनात काय आलं असेल? निर्वातात ज्योत पेटत नाही हे त्यांना माहीत होतं. देवडीत हवाच नव्हती. पण कुपीत जिंग हायपेंग एकटे होते, आणि काही जळालं असेल तर परतायचं यानच उरलं नसतं. तो इशारा खोटा होता, असं नंतर निष्पन्न झालं. दाराशी असलेल्या दोघांना ते कळायला मार्ग नव्हता. त्यांनी काम चालू ठेवलं. ठरलेल्या क्रमात पहिलं काम होतं यानाबाहेर लावलेला घन वंगणाचा नमुना सोडवून आणण्याचं, झेंडा नंतर. लिऊंनी आधी झेंडा झाईंच्या हातात दिला. परत जाता आलं नाही, तर निदान हे झालेलं असावं. आपण ठीक आहोत, असं झाईंनी खाली कळवलं, देशाला आणि जगाला अभिवादन केलं आणि झेंडा हलवला. मग वंगणाचा नमुनाही सोडवून लिऊंच्या हाती दिला, आणि कड्या धरत, आकडे अडकवत, सोडवत थोडं अंतर कापलं. लिऊ कमरेपर्यंत दारातून बाहेर आले होते, तेवढेच.

दार लागलं तेव्हा झाई वीस मिनिटांत नऊ हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून आले होते. त्यानंतरची काही मिनिटं मला त्या वीस मिनिटांइतकीच मोलाची वाटतात. दार बंद झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही. देवडीत थोडी हवा सोडायची आणि काट्याकडे बघत थांबायचं. काटा जागचा हलला नाही, तरच दार लागलं. तो हलला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुपी इनर मंगोलियाच्या गवताळ माळावर उतरली. पोशाख परत आले नाहीत. कुपीत त्यांना जागाच नव्हती, ते देवडीबरोबर वर राहिले. फेईतियानचे हातमोजे मात्र झाईंबरोबर खाली आले.

लिऊ बोमिंग यांना पूर्ण बाहेर पडायला तेरा वर्षं थांबावं लागलं. ४ जुलै २०२१ला, चीनच्या नव्या अवकाशस्थानकाच्या दारातून, नव्या घडणीच्या फेईतियान पोशाखात ते बाहेर गेले. यावेळचं काम जवळपास सात तासांचं होतं. दाराबाहेर आल्या आल्या त्यांच्या तोंडून निघालं ते बाहेर किती सुंदर आहे याचं कौतुक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाई पुन्हा गेले, वांग यापिंग यांना घेऊन. स्पेसवॉक करणाऱ्या त्या पहिल्या चिनी महिला. झाई तेव्हा ५५ वर्षांचे होते.